प्रोफेसर ऑस्टरहाउट चूक कबूल करतात

वेंडेल ऑस्टरहाउटचे वडील आयोवातल्या डच लोकांच्या एका गावात पाद्री होते. दर रविवारी दोन प्रवचनं, एक सकाळी आणि एक दुपारच्या उकडलेल्या बटाट्यांनंतर. देव किती दयाळू आहे हे सांगताना ते समोरच्या लाकडी कठड्यावर अशी मूठ आपटायचे की पुढच्या बाकांवरची तान्ही पोरं दचकून रडायला लागायची. नऊ वर्षांचा वेंडेल मनात म्हणायचा, बाबा सांगतायत एक आणि मूठ सांगतेय भलतंच. हे त्यानं घरात कुणाला बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मुठीचं म्हणणं त्याला जवळून ऐकायला मिळालं असतं.

पुढे तो शिकला, चष्मा लागला, आणि १९६५ साली कनेक्टिकटमधल्या थॉर्नबरी विद्यापीठात इंग्रजी विभागात नोकरीला लागला. मोठे कवी मोठ्या प्राध्यापकांनी आधीच वाटून घेतले होते. याच्या वाट्याला आली मर्सी थ्रॅशर. शंभर वर्षांपूर्वी मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेड्यात होऊन गेलेली बाई. लग्न केलं नाही, कोंबड्या पाळल्या आणि दोनशे बारा कविता लिहिल्या. विभागातल्या लोकांना तिचं नाव ठाऊक होतं, कविता कुणालाच नाही.

थॉर्नबरीत नोकरी कायम व्हायची तर सहा वर्षांच्या आत पुस्तक निघायला हवं. पाच वर्षं होत आली तेव्हा वेंडेलच्या पुस्तकाचं फक्त मनोगत लिहून झालं होतं, आणि त्यात ज्यांचे आभार मानले होते त्यांतले दोघं तोवर नोकरी सोडूनही गेले होते.

अशात पॅरिसहून एक पाहुणे विद्वान आले आणि त्यांनी विरचना नावाच्या नव्या विचारावर तीन व्याख्यानं दिली. पहिल्याला दीडशे माणसं होती, तिसऱ्याला चौदा. मतलब साधारण असा, की कुठलंही लिखाण वरवर जे म्हणतं त्याच्या उलट काहीतरी त्याच्या पोटात असतं. नीट वाचणाऱ्यानं तो धागा धरून ओढला की लिखाण आपली वीण आपणच उसवतं. ज्येष्ठ मंडळी डुलक्या घेत होती. वेंडेलच्या डोळ्यांपुढे मात्र वडिलांची मूठ उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की आपल्या मनातलं कुणीतरी बोलतंय.

त्याच आठवड्यात तो मर्सीबाईंची 'पाहुण्यास' ही नऊ ओळींची कविता परत वाचायला बसला. जुन्या पुस्तकांच्या विक्रीत मिळालेली, १९११ साली शाळांसाठी काढलेली स्वस्त आवृत्ती त्याच्याकडे होती. कवितेत बाई पायरी झाडते, खिडकीत दिवा ठेवते, चुलीवर सूप चढवते, टेबलावर दोन वाडगे मांडते. आणि शेवटच्या ओळीत म्हणते, 'ये, दार उघडं नाही.'

वेंडेल खुर्चीतून उठलाच. एवढं सगळं आमंत्रण द्यायचं आणि शेवटी तोंडावर दार! ही ओळ त्यानं पूर्वी दहादा वाचली असेल, पण तेव्हा ती नुसती विचित्र वाटली होती. आता ती विचित्र राहिली नाही. तिथेच तर सगळं होतं. त्यानं या एका 'नाही'वर चाळीस पानांचा लेख लिहिला, लेखाचं पुस्तक झालं, आणि 'उघडं नाही' हे पुस्तक १९७१ साली निघालं.

हस्तलिखित घरात पहिल्यांदा वाचलं ते त्याच्या बायकोनं. ऑड्री शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिनं सगळं वाचलं आणि एकच विचारलं, की दार उघडायचं नव्हतं तर बाईंनी सूप कशाला केलं? वेंडेलनं तिला तासभर समजावलं. ती म्हणाली, बरं.

पण बाकीच्या जगाला सुपाची अडचण आली नाही. वेंडेल कायम झाला, मग बढती मिळाली, मग त्याच्यासाठी एक खास प्राध्यापकपद निघालं. डेन्मार्कला बोलावणं आलं, जपानला आलं. सांता फेच्या एका सभेत दोन प्राध्यापक त्याच्या तिसऱ्या प्रकरणावरून हातघाईवर आले आणि एकाचा चष्मा फुटला. वेंडेलला स्वतःला तिसरं प्रकरण फारसं जमलेलं वाटत नव्हतं. विरोधकही भरपूर मिळाले. ऑर्विल स्टॅग नावाचा एक स्तंभलेखक पंधरा वर्षं दर हिवाळ्यात त्याच्यावर न चुकता एक लेख लिहायचा आणि अमेरिकन साहित्याला आतून कडी घालणारा माणूस म्हणून त्याचा उद्धार करायचा. थॉर्नबरीत काळे बंद गळ्याचे स्वेटर घालणारी मुलं वाढली. उपाहारगृहात कुणी विचारलं, ही खुर्ची रिकामी आहे का, तर ती मुलं उत्तर द्यायच्या आधी एकमेकांकडे बघायची.

वेंडेल या सगळ्यात बिघडला नाही. तो तसाच राहिला, उंच, थोडा वाकलेला, बसमध्ये बायकांना जागा देणारा. फक्त एक गोष्ट त्यानं कधी केली नाही. मर्सीबाईंची दुसरी आवृत्ती उघडून पाहिली नाही. गरजच पडली नाही. आणि इतरांचं म्हणाल तर ते मर्सीबाईंना उद्धृत करायचे ते थेट वेंडेलच्या पुस्तकातूनच.

१९९१च्या वसंतात पुस्तकाला वीस वर्षं झाली म्हणून विभागानं मोठं संमेलन ठरवलं. विभागप्रमुख होता जेरोम व्हिटलॉक, वेंडेलचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर बाईंच्या हस्ताक्षरातली मूळ कविता छापायची ही कल्पना त्याची. मूळ कागद बाईंच्या गावच्या इतिहास मंडळाकडे होते. तिथे पत्र लिहून फोटो मागवायचं काम मिसेस कोवाल्चिककडे आलं.

बर्निस कोवाल्चिक या विभागाच्या सेक्रेटरी. वेंडेलची पाचही पुस्तकं त्यांनी टाइप केलेली. पुस्तकांबद्दल त्यांचं मत कुणी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही ते सांगितलं नव्हतं. संमेलनाला नऊ दिवस राहिले असताना त्या एक पाकीट आणि कॉफीचा कप घेऊन वेंडेलच्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. ते त्या कधी करत नसत.

"प्रोफेसर, फोटो आलाय. शेवटची ओळ जरा बघता?"

वेंडेलनं बघितलं. हस्ताक्षर गोल, स्वच्छ, शाळकरी. इंग्रजीत 'आता' (now) आणि 'नाही' (not) हे दोन शब्द जवळजवळ जुळे, तीनतीन अक्षरांचे. शेवटचं अक्षर काय ते वेगळं. कागदावर 'नाही' नव्हतं. कागदावर होतं, 'ये, दार आता उघडं आहे.'

"शाई फुटली असेल," वेंडेल म्हणाला.

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून मी भिंगातून पाहिलं." त्यांनी कप त्याच्यापुढे सरकवला. "आज साखर घातलीय. तुम्ही घेत नाही, पण घातलीय."

वेंडेल तडक ग्रंथालयात गेला. १८५८ची पहिली आवृत्ती काढली. 'आता'. १८७४ची दुसरी काढली. 'आता'. एका १९११च्या शाळकरी आवृत्तीतच काय ते 'नाही' होतं. कुणा खिळे जुळवणाऱ्याचा हात घसरला होता. मुद्राराक्षसानं एक अक्षर बदललं होतं, आणि त्यावर वेंडेल ऑस्टरहाउट वीस वर्षं जगभर हिंडला होता.

तो घरी चालत गेला. ऑड्री अंगणात टोमॅटोची रोपं लावत होती. त्यानं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ती गुडघ्यांवर बसून ऐकत राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले, मग ती मातीतच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"सूप," एवढंच तिला बोलता आलं. "अरे वेंडेल, ते सूप."

"हसू नकोस. मी काय करू ते सांग."

"करायचं काय त्यात? चुकलं म्हणून सांगून टाक."

वेंडेलला हे ऐकून बरं वाटलं. तो शेवटी पाद्र्याचा मुलगा. चूक झाली की चारचौघांत उभं राहून कबूल करायची, लोक नावं ठेवतात, थोडे दिवस मान खाली घालून काढायचे, मग सगळं निवळतं. त्याच्या गावात तरी असंच होतं. एक मात्र त्याच्या लक्षात आलं नाही. तो आता त्या गावात राहत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं जेरोमला गाठलं. जेरोमला बोलताना दोन्ही हात वर करून बोटांनी हवेत अवतरणचिन्हं काढायची सवय होती. त्यानं फोटो पाहिला, दोन्ही आवृत्त्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा लग्नात असावा तसा फुलला. तो म्हणाला, सर, ही तर तुमची सगळ्यात धाडसी चाल आहे.

"चाल नाही जेरोम, चूक आहे."

"अर्थात. 'चूक'," जेरोमनं बोटं वर केली.

"बोटं खाली घे. साधी चूक. मी दुसरी आवृत्ती बघायला हवी होती, बघितली नाही. आळस केला."

"'आळस'," जेरोम कौतुकानं म्हणाला.

संमेलनाला तीनशे माणसं आली. वेंडेलच्या भाषणाला दीड तास ठेवला होता. त्यानं अकरा मिनिटांत आटोपलं. ना फ्रेंच शब्द, ना कंस. फोटो पडद्यावर दाखवला आणि सांगितलं, "मी चुकीचा शब्द वाचला. बाईंनी तो लिहिलाच नव्हता. वीस वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगत आलो, आणि तुमच्यातल्या काहींनी माझ्या भरवशावर पुस्तकं लिहिली. याचं मला फार वाईट वाटतं. मी माफी मागतो." आणि मान खाली घालून तो शिव्यांची वाट पाहत उभा राहिला.

आधी मागच्या बाजूला कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, आणि बघता बघता तीनशे माणसं उभी राहिली. पुढच्या रांगेत बसलेल्या ऑड्रीनं वळून पाहिलं. एक बाई चक्क रडत होती. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा कोपनहेगनहून आलेल्या एका दाढीवाल्या गृहस्थांनी विचारलं, की ज्या माणसानं वीस वर्षं आम्हाला 'नाही' शिकवलं, तो आज माफी मागतो म्हणतो, तर त्या माफीचा अर्थ आम्ही काय घ्यायचा?

"माफी," वेंडेल म्हणाला. "माफी असाच घ्या."

प्रचंड हशा. टाळ्या. काळ्या स्वेटरच्या मुलांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. वेंडेलनं दोनदा सांगायचा प्रयत्न केला की मी मनापासून बोलतोय, आणि दोन्ही वेळा जास्त हशा झाला. वर्षभरात त्याच्या कबुलीवर अकरा लेख निघाले. एकात सिद्ध केलं होतं की अकरा मिनिटं बोलणं हा १९११ सालाचा गर्भित उल्लेख आहे.

शेवटी वेंडेलनं स्वतःच ऑर्विल स्टॅगला फोन लावला. मित्र ऐकत नाहीत तर निदान शत्रू तरी ऐकेल. त्यानं सांगितलं, तुम्ही म्हणत होता तेच खरं, माझं पुस्तक छपाईच्या चुकीवर उभं आहे, हवं तर छापा. स्टॅग म्हणाला, "ऑस्टरहाउट, मी तुम्हाला चांगला ओळखून आहे. मी हे छापायचं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी म्हणायचं, बघा कसा सापळ्यात आला. मी नाही फसायचो." आणि त्यानं फोन ठेवला. त्या हिवाळ्यात, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच, त्याचा लेख आला नाही.

वेंडेलचं जेवण कमी झालं. वर्गात शिकवताना तो मध्येच थांबायचा आणि मुलं त्या थांबण्याच्याही नोंदी घ्यायची. एक दिवस मिसेस कोवाल्चिक त्याला सरळ म्हणाल्या, "प्रोफेसर, तुम्हाला कुणीतरी चांगलं रागवायला हवंय. टर्कसाहेबांकडे का जात नाही? ते मला स्वल्पविरामावरून रागवायचे."

अल्विन टर्क म्हणजे विभागातून केव्हाच निवृत्त झालेले संहितातज्ज्ञ. जुन्या आवृत्त्या शेजारी शेजारी मांडायच्या, अक्षर न अक्षर ताडून बघायचं आणि कवीनं खरं काय लिहिलं होतं ते ठरवायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. विरचनावाल्यांशी ते वीस वर्षं बोलले नव्हते; भांडले होते असंही नाही, नुसते बोलले नव्हते. वय एकोणऐंशी. गावाबाहेर मधमाश्यांच्या पेट्या ठेवून एकटेच राहायचे.

शनिवारी सकाळी वेंडेल तिथे गेला. टर्कनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, समोर मधाची बाटली आणि पाव ठेवला, आणि सगळं ऐकून घेतलं.

"हो," ते म्हणाले. "१९११च्या आवृत्तीत ती चूक आहे. पान चौऱ्याऐंशी."

वेंडेलच्या हातातला पाव तसाच राहिला. "तुम्हाला माहीत होतं? केव्हापासून?"

"तुमचं पुस्तक आलं त्याच आठवड्यात. दुसरं पान उघडलं आणि दिसलं."

"मग बोलला का नाहीत, सर?"

टर्कना खरोखर नवल वाटलं असावं. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या लोकांचं तसं काहीतरी असतं असं ऐकून होतो. कवीनं काय लिहिलं याच्याशी तुम्हाला कर्तव्य नसतं म्हणे. म्हटलं, असेल बुवा, आपण म्हातारे झालो."

"मला ठाऊक नव्हतं. मी बघितलंच नव्हतं."

"बघितलंच नव्हतं?" टर्क उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला. मग त्यांनी वेंडेलला जे झापलं ते पाऊण तास. पहिल्या वर्षाच्या पोरालाही मी हे चालवून घेतलं नसतं. एका आवृत्तीवर विसंबणारा माणूस वाचक नव्हे, गिऱ्हाईक. चाळीस पानं लिहायला वेळ होता आणि जिना चढून ग्रंथालयात जायला नव्हता? मध्येच ते आतल्या खोलीतून ती १९११ची आवृत्ती घेऊन आले. तिच्या समासात लाल पेन्सिलीनं सगळ्या चुका टिपलेल्या होत्या. एकूण एक्केचाळीस. त्यांनी त्या सगळ्या वेंडेलला मोठ्यानं वाचायला लावल्या. एका कवितेत 'कोंबडी'च्या जागी 'स्वर्ग' छापलं होतं. त्यावर वेंडेलनं दुसरं प्रकरण लिहिलं होतं.

वेंडेल घरी आला तेव्हा त्यानं तीन वाडगे राजमा-खिम्याची चिली खाल्ली. ऑड्रीनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, फार सुंदर बोलणी खाल्ली.

पुढच्या मंगळवारपासून वेंडेल आणि टर्क कामाला बसले. मर्सी थ्रॅशरची शुद्ध आवृत्ती काढायची, दोनशे बारा कविता, विरामचिन्हांसकट. हस्तलिखिताचे फोटो मोठ्यानं वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मिसेस कोवाल्चिक शुक्रवारी दुपारी येऊ लागल्या. त्या सगळं एका सुरात वाचायच्या, "गवतावर स्वल्पविराम दहिवर स्वल्पविराम आणि आई पूर्णविराम," आणि बाईंच्या आडव्या रेघा खऱ्या रेघा आहेत की टाक पुसल्याच्या खुणा, यावरून टर्कशी अशा भांडायच्या की वेंडेल चहा करायला उठून जायचा. तीन वर्षं लागली. सत्तरएक रेघांबाबत शेवटी मिसेस कोवाल्चिक यांचंच म्हणणं टर्कनी मान्य केलं, आणि मुखपृष्ठावर तिसरं नाव त्यांचं पडलं.

मध्ये एकदा ऑड्रीनं विचारलं, की मग तुझी ती विरचना खोटीच होती का? वेंडेलनं जरा विचार केला. खोटी नाही, तो म्हणाला. बाबांची मूठ खोटी नव्हती. मी भलत्याच कठड्यावर कान ठेवला होता. त्यानं 'पाहुण्यास' परत वाचली होती, यावेळी बरोबर शब्दांनिशी, आणि त्याच्या लक्षात आलं होतं की नऊच्या नऊ ओळींत पाहुणा काही येत नाही. दार उघडं, दिवा लागलेला, वाडगे दोन, आणि बाई एकटी. यावर त्यानं तीन पानांची टीप लिहिली आणि भीतभीत टर्कना दाखवली. टर्कनी ती दोनदा वाचली, एक स्वल्पविराम काढला आणि म्हणाले, हे बरं आहे.

आवृत्ती १९९५मध्ये निघाली. तीनशे चाळीस प्रती खपल्या, त्यांतल्या साठ बाईंच्या गावच्या इतिहास मंडळानं घेतल्या आणि जॅमच्या बाटल्यांशेजारी मांडून विकल्या. तीन पानांच्या टिपेबद्दल कुणीही अवाक्षर काढलं नाही. जेरोमनं मात्र पुस्तकावर लांबलचक परीक्षण लिहिलं. शुद्धतेचं सोंग घेऊन शुद्धतेलाच सुरुंग लावणारा हा ऑस्टरहाउट यांचा सगळ्यात विध्वंसक ग्रंथ आहे, असं त्यात म्हटलं होतं. वेंडेलनं ते न्याहारीच्या टेबलावर शेवटपर्यंत वाचलं. पूर्वी असतं तर तो जेरोमला फोन करायला उठला असता. आता त्यानं मासिक ऑड्रीकडे सरकवलं, कोट चढवला आणि निघाला. टर्कनी वर्मॉन्टमधला कुणी विसरलेला पाद्री-कवी शोधून काढला होता, आणि त्याच्या सात आवृत्त्या टेबलावर मांडून ते वाट पाहत बसले होते.

वेंडेल पोचला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"वीस मिनिटं उशीर."

"चुकलं," वेंडेल म्हणाला. "परीक्षण वाचत बसलो होतो."

"पुन्हा होऊ देऊ नका," टर्क म्हणाले, आणि पहिली आवृत्ती त्याच्यापुढे सरकवली.